कपाळावरचा नादकाटा

मी मालवण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आठवीला ध्वनीचा पाठ आला की कपाटातून नादकाटा काढायचा, रबराच्या ठोकळ्यावर आपटायचा आणि पाण्याला टेकवून पुढच्या बाकावरच्या पोरांच्या अंगावर तुषार उडवायचे, हे मी बावीस वर्षं करत आलो आहे. तसाच एक नादकाटा, दांड्यावर ५१२ कोरलेला, जानेवारी २०२३ मध्ये कणकवलीतल्या एका डॉक्टर मॅडमनी माझ्या कपाळावर टेकवला आणि विचारलं, "सर, आवाज कुठे येतो? उजवीकडे, डावीकडे की मधोमध?"

त्या प्रश्नापर्यंत पोचायला मला पाच महिने लागले होते.

सुरुवात श्रावणातली. गावच्या भजनात मी पखवाज वाजवतो. त्या संध्याकाळी पेटीच्या सुराला पखवाज लावताना शाईचा आवाज बोदाच लागत होता. पुन्हा ठोकला, पुन्हा बघितला. शेवटी पेटीवाला म्हणाला, "रे, लागलो मगाशीच. आता कित्याक ठोकतंस?" मान वळवून उजवा कान पुढे केला, तर खरंच लागलेला होता. डाव्या कानाला दडा बसला होता. आंबोलीचा घाट चढताना बसतो तसाच, पण आवंढा गिळला, जांभई दिली, तरी सुटेना.

पावसाचे दिवस, घरात सगळ्यांनाच सर्दी. गावातल्या डॉक्टरांनी कानात घालायला थेंब दिले, मग गोळ्या दिल्या. सप्टेंबरात कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, पडद्यामागे पाणी झालंय, सर्दीचं आहे, उतरेल. महिनाभर नाकात फवारा मारला. उतरलं नाही. पुढच्या खेपेला, पडद्याला छेद देऊन बारीक नळी बसवू, असं ठरलं. नाकात पुढून बॅटरी मारून बघितलं गेलं, नाकाच्या मागे कुणी बघितलं नाही. नाकाला असा मागचा भाग असतो, तिथे काही होऊ शकतं, हे विज्ञान शिकवूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. सकाळी उठून घसा खाकरला की कफात लालसर तार यायची. रोज नाही, आठवड्यातून दोनतीनदा. हिरडीतलं असेल म्हणून ब्रश बदलला. मला वाटलं, हे दातांचं, ते कानाचं. दोन्ही वेगळी दुखणी.

कार्तिकातल्या सप्ताहात पखवाज गळ्यात अडकवून दिंडीत उभा होतो. पट्टा डाव्या बाजूला, कानाच्या खाली, कशाला तरी अडत होता. दुखत नव्हतं, नुसतं अडत होतं. घरी आल्यावर आईने कंदिलासारखा मोबाईल धरून बघितलं. "रे बाबू, ह्यां काय तां? मोठी गाठ आसा ती. कधीपासून आसा?" मला सांगता येईना.

गाठीत सुई घालून पाणी तपासायला पाठवलं. रिपोर्टमध्ये ठोस काही आलं नाही. आपल्याकडे मानेत गाठ म्हटली की आधी टीबी आठवतो, जुनी माणसं तिला गंडमाळ म्हणतात. टीबीची औषधं चालू करून बघू, नाहीतर गाठ कापून काढू आणि तपासू, असं सुचवलं गेलं. कान एकाकडे, गाठ दुसऱ्याकडे, अशा दोन फायली झाल्या होत्या. त्या दोन्ही एका टेबलावर कधी आल्याच नाहीत. याचा मला आजही राग आहे. हा आजार, म्हणजे नाकाच्या मागच्या भागाचा कॅन्सर, कोकणात दुर्मीळ, एखाद्या डॉक्टरने आयुष्यात दोनतीनदाच पाहिलेला असेल, हे मी जाणतो. पण बघायला लागतात दहा मिनिटं.

शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीने कणकवलीला गेलो. सोबत बायको. मॅडम पन्नाशीच्या पुढच्या. दोन्ही फायली वाचल्या, बाजूला ठेवल्या आणि म्हणाल्या, "आता हे बाजूला ठेवून तुम्हालाच बघूया." आधी नुसते प्रश्न. कान कधीपासून? एकच की दोन्ही? डोकं एका बाजूने दुखतं का? एकाची दोन माणसं दिसतात का? गालाला बधिरपणा? आणि मग, "सकाळी थुंकीत रक्त येतं का?" मी हो म्हटलं आणि बायकोने चमकून माझ्याकडे बघितलं. पाच महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता.

मग कान. त्यांनी आधी उजवा कान दुर्बिणीने समोरच्या स्क्रीनवर दाखवला. कानाचा पडदा मी चित्रातच बघितलेला. खरा पडदा शिंपल्याच्या आतल्या अंगासारखा असतो, करडा-चंदेरी, पलीकडचं थोडं दिसू देणारा. डावा मात्र पिवळसर, आत ओढला गेलेला, आणि त्याच्यामागे दोन बुडबुडे. "नाक धरून तोंड मिटा आणि फुंका." उजवा पडदा किंचित फुगला. डावा ढिम्म. नाकाच्या मागून कानाकडे जी नळी जाते, ती डाव्या बाजूला बुजली होती.

आणि मग नादकाटा. आधी कानामागच्या हाडावर टेकवायचा, आवाज विरला की कानासमोर धरायचा. उजवीकडे हाडावर विरलेला आवाज हवेत पुन्हा ऐकू आला, तो यायलाच हवा. डावीकडे उलटं झालं, हाडावर चांगला आणि हवेत काहीच नाही. त्यानंतर तो कपाळावर आला. मी उत्तर द्यायला चाचरलो, कारण आवाज डावीकडून येत होता, बहिऱ्या कानातून. मला वाटलं मीच काहीतरी चुकतोय.

मॅडम म्हणाल्या, "चुकत नाही तुम्ही. उजव्या कानात बोट घाला आणि तोंड मिटून गुणगुणा." बोट घालून गुणगुणलो, तर आवाज उजवीकडे सरकला. ज्या कानाची वाट बंद, त्याला बाहेरचा गलबला पोचत नाही, म्हणून हाडातून आलेला नाद त्याच कानात मोठा वाटतो. कानाची नस गेली असती तर आवाज चांगल्या कानाकडे गेला असता. म्हणजे नस शाबूत, वाट बंद. बावीस वर्षं हातात धरलेल्या वस्तूने असं काही सांगता येतं, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं.

पुढची तपासणी मला तेव्हा विचित्र वाटली. नाकपुड्यांखाली थंड धातूची पट्टी धरली. श्वासाच्या वाफेचे दोन डाग उमटले, डावा अर्धाच. मग मान न हलवता डोळ्यांनी त्यांच्या बोटाचा पाठलाग करायचा. डावीकडे अगदी टोकाला नेऊन त्या थांबल्या, "एकच बोट दिसतंय ना?" एकच दिसत होतं. कपाळावर, गालावर, हनुवटीवर कापसाची वात टेकवून दोन्ही बाजूंना सारखं लागतं का विचारलं. दात आवळायला लावले, जबड्याचे स्नायू चाचपले. तोंडात तीन बोटं उभी मावतात का बघितलं. "आ" करायला लावून पडजीभ सरळ वर जाते की एका बाजूला ओढली जाते, ते बघितलं. जीभ सरळ बाहेर येते का, खांदे दोन्ही सारखे उचलतात का.

नाकाच्या मागची ती जागा कवटीच्या तळाला चिकटून आहे. तिथल्या भोकांतून डोळ्याच्या, चेहऱ्याच्या, घशाच्या नसा जातात. तिथे वाढलेली गाठ वर सरकली तर पहिली खूण बहुधा डोळ्यात किंवा गालात उमटते. डोळा बाहेर वळवणारी सहावी नस आणि चेहऱ्याला स्पर्श देणारी पाचवी, या दोन सगळ्यात आधी सापडतात. नंतर वाचलं की विल्फ्रेड ट्रॉटर या इंग्रज सर्जनने १९११ मध्येच तीन खुणांची सांगड घालून ठेवली होती. एका कानाने कमी ऐकू येणं, त्याच बाजूला चेहऱ्यात किंवा डोक्यात कळा, आणि त्याच बाजूचा टाळू नीट न उचलला जाणं. स्कॅन नव्हते तेव्हा डॉक्टर नुसत्या बघण्यातून तिथवर पोचायचे. माझ्या तीनपैकी एकच खूण जमली. नसा सगळ्या ठीक. मॅडमनी तसं लिहून घेतलं तेव्हा त्यांचा आवाज थोडा सैल झाला, तेवढं माझ्या लक्षात आलं.

मानेसाठी त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "हनुवटी थोडी खाली. सैल सोडा मान." दोन्ही हातांची बोटं दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, कानाखालून सुरू करून हळूहळू खाली. तबल्याची चाट बोटाने चाचपावी तशी. डाव्या बाजूला जबड्याच्या कोनाखाली थांबल्या. दाबलं, हलवायचा प्रयत्न केला, मोजपट्टी लावली. सहाय्यक मुलीला सांगितलं, चार सेंटिमीटर, टणक, दुखत नाही, फारशी हलत नाही. मग बोटं मानेच्या मागच्या त्रिकोणात गेली. तिथे दोन बारक्या, वाटाण्याएवढ्या. आणि मग उजवीकडे, जिथे मी कधी हात लावला नव्हता, तिथेही थांबल्या. दीड सेंटिमीटर. "इथे बोट ठेवा," म्हणून माझंच बोट नेऊन ठेवलं. माझ्याच मानेतली गाठ मला दुसऱ्याने दाखवून द्यावी लागली.

शेवटी कंठमण्याच्या खाली अंगठीसारखं कडं असतं, ते बोटाने शोधलं आणि त्याच्या खालून गळ्याखालच्या हासळीच्या हाडापर्यंत पुन्हा चाचपलं. काही नाही. त्या कड्याच्या खाली गाठी उतरल्या की आजाराची पायरी बदलते, हे नंतर परळच्या टाटा रुग्णालयात कळलं. त्या दिवशी इतकंच दिसलं, की "खाली काही नाही" हे त्यांनी दोनदा चाचपून मग लिहायला सांगितलं.

औषधात बुडवलेल्या पट्ट्या दोन्ही नाकपुड्यांत घालून दहा मिनिटं बाहेर बसवलं. घशात कडू उतरलं, वरचे दात बधिर झाले. बायकोने विचारलं, "काय म्हणाल्या हो?" मी म्हटलं, अजून काहीच नाही. दोघांनाही कळून चुकलं होतं.

दुर्बीण पेन्सिलीपेक्षा बारीक. आधी उजव्या नाकपुडीतून. पडद्यावर गुलाबी गुहा, तिच्या टोकाला कानाच्या नळीचं तोंड, त्याभोवती उशीसारखा फुगवटा आणि त्या फुगवट्याच्या मागे एक खोल खाच. "आवंढा गिळा," म्हटल्यावर नळीचं तोंड उघडमीट झालं. "ही रोझेनमुलरची खाच. हा आजार बहुतेक वेळा इथेच सुरू होतो. ही बाजू चांगली आहे, नीट बघून ठेवा." मग डावीकडून. खाच नव्हतीच. ओहोटीला उघड्या पडलेल्या कातळावर कालवं चिकटलेली असतात तसं काहीतरी खडबडीत, लालसर तिथे भरलं होतं, कानाच्या नळीचं तोंड त्याने दाबून टाकलं होतं, आणि वरून रक्ताची एक बारीक रेघ घशाकडे उतरत होती. सकाळच्या त्या तारेचा उगम मी डोळ्यांनी बघितला. बायको माझ्या मागे उभी राहून बघत होती. तिने माझा खांदा घट्ट धरला.

कान, रक्त, गाठ. तिन्ही एकाच जागेची. मॅडमनी फार शब्द वापरले नाहीत. "मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी झालं आणि ते हटेना, की नाकाच्या मागे बघितल्याशिवाय मी त्याला सोडत नाही. आता तुकडा घेऊन तपासायचा. गाठ कापली नाही हे फार बरं झालं. मूळ शोधायच्या आधी मान उघडायची नसते."

दोन दिवसांनी तुकडे घेतले, तिथेच, बधिर करून. चिमट्याचा कट् असा आवाज कवटीच्या आतून ऐकू येतो, तोही हाडातून. फॉर्मॅलिनच्या छोट्या बाटलीत तांदळाच्या कणीएवढे तीन तुकडे तरंगत होते. त्या बाटलीवर माझं नाव लिहिलेलं बघून मला पहिल्यांदा रडू आलं.

रिपोर्ट आला, अनडिफरेन्शिएटेड कार्सिनोमा, सोबत एप्स्टीन-बार विषाणूची खूण. मॅडम म्हणाल्या, हा विषाणू १९६४ मध्ये सापडला, तो बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या अंगात आयुष्यभर पडून असतो, फार थोड्यांना असा आजार होतो. घरच्यांना तुमच्यापासून काही लागणार नाही. आणि या जातीचा कॅन्सर रेडिएशनला चांगली दाद देतो. "टाटाला जा," म्हणाल्या.

आईला सांगितलं तेव्हा तिने पहिला विचार केला तो खाऱ्या बांगड्याचा. कुणीतरी तिला सांगितलं होतं की खाऱ्या माशाने नाकाचा कॅन्सर होतो. पावसाळ्यात आमच्या ताटात खारो बांगडो आणि पेज हे ठरलेलंच. "मीच घातलंय रे तुका ल्हानपणापासून," म्हणून ती दोन दिवस जेवली नाही. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या यादीत आहे तो चिनी पद्धतीचा खारा मासा. दक्षिण चीनमध्ये तो दूध सुटण्याच्या वयापासून पोरांना भातासोबत भरवतात. त्या यादीत खाऱ्या बांगड्याचं नाव नाही, आईंना सांगा स्वतःला दोष देऊ नका. मी फोन आईच्या कानाला लावला. तिने ऐकलं, काही बोलली नाही, पण रात्री पेज जेवली.

तुतारी एक्स्प्रेसने दादरला उतरलो. रुग्णालयाच्या दाखल्यावर रेल्वेची सवलत मिळते, रुग्णाला आणि सोबतच्यालाही, हे आम्हाला परतीच्या खेपेला कळलं. जाणाऱ्यांनी आधीच चौकशी करावी.

परळला मला वाटलं होतं, आता सगळं यंत्रंच करणार. एमआरआय झाला, पेट स्कॅन झाला, दात तपासून दोन काढले, ऐकण्याची चाचणी झाली. पण त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर, प्रत्येक डॉक्टरने मान चाचपली. आधी शिकणारा तरुण डॉक्टर, मग त्याचे वरिष्ठ, मग रेडिएशनवाले. प्रत्येक जण मागे येऊन उभा राहायचा, प्रत्येकाची बोटं त्याच वाटेने उतरायची, आणि प्रत्येक जण कागदावरच्या मानेच्या चित्रात गोल काढायचा. कणकवलीचे आकडे आणि त्यांचे आकडे जुळले. एमआरआयमध्ये एक गाठ जादा निघाली, घशाच्या मागच्या भिंतीआड, जिथे बोट पोचूच शकत नाही. कवटीचं हाड शाबूत होतं. दोन्ही बाजूंना गाठी, कड्याच्या वरच, तिसरी पायरी. ऑपरेशनने पोचायला जागा फार अडचणीची, म्हणून आधी केमो आणि मग रेडिएशन.

तिथे बाकावर एक नागालँडचा मुलगा रोज भेटायचा, विशीतला. चष्म्याच्या उजव्या काचेवर पांढरी पट्टी चिकटवलेली. दोन दोन दिसायचं म्हणून एक डोळा झाकला होता. तेव्हा मला कणकवलीतलं ते बोट आठवलं, डावीकडे टोकाला नेऊन थांबलेलं. ईशान्येकडे, नागालँड, मणिपूर, मिझोराममध्ये हा आजार आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त. त्याच्या मोडक्या हिंदीत तो म्हणाला, आमच्याकडे मानेत गाठ आली की लोक आधी हाच विचार करतात.

उपचारांबद्दल थोडक्यात सांगतो. केमोच्या तीन फेऱ्या, मग ३३ दिवस रेडिएशन, आठवड्याचे पाच दिवस, सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. चेहऱ्यावर जाळीचा साचा बसवून टेबलाला आवळतात. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलून निघालं, मऊ भातही जाईना, अकरा किलो वजन उतरलं. सिस्प्लॅटिनने आतला कान दुखावू शकतो, वरच्या पट्टीचे सूर आधी जातात, हे त्यांनी सही घेण्याआधी सांगितलं होतं. पखवाजवाल्याला हे ऐकणं जड गेलं. पण दर आठवड्याला मान चाचपली जायची आणि दर आठवड्याला आकडा उतरायचा. चार, तीन, दीड. पाचव्या आठवड्यात त्या तरुण डॉक्टरने बराच वेळ शोधलं आणि म्हणाला, "सर, मिळत नाही." त्या दिवशी मी धर्मशाळेत अर्धी वाटी पेज संपवली.

मृग लागता लागता घरी आलो. बारा आठवड्यांनी पेट स्कॅन स्वच्छ आला. तेव्हापासून ठरावीक महिन्यांनी परळची खेप असते आणि मधल्या काळात कणकवलीला. तपासणी तीच, त्याच क्रमाने. फक्त त्या आता वेगळं शोधतात. डाव्या मानेची कातडी चामड्यासारखी घट्ट झाली आहे, तिच्यात गाठ लपेल म्हणून जास्त वेळ चाचपतात. तोंडात तीनऐवजी अडीच बोटं मावतात. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायचा व्यायाम रोज करतो. थायरॉईडचं रक्त तपासतात. लाळ कमी, वर्गात पाण्याची बाटली लागते.

गेल्या खेपेला मॅडमनी नादकाटा काढला. कपाळावर टेकवला. आवाज अजून डावीकडेच येतो. त्या कानातलं पाणी पूर्ण गेलेलं नाही, रेडिएशननंतर असं राहतं. मी उजवा कान पुढे करून पखवाज लावतो आणि पेटीवाला आता काही म्हणत नाही. मग दुर्बीण घातली. आधी उजवी बाजू, मग डावी. फुगवटा, नळीचं तोंड, आणि त्याच्या मागे ती खाच. फिकट, थोडी चिवट दिसणारी, कोरडी खपली असलेली, पण रिकामी. "गिळा," म्हणाल्या. मी आवंढा गिळला. नळीचं तोंड किंचित हललं. बायकोने मागून पडद्याचा फोटो काढला आणि तिथूनच आईला पाठवला.